निळा पडदा आणि अठ्ठेचाळीस आकडे

दोस्तांनो, गेल्या रविवारची गोष्ट. सकाळचा चहा अजून अर्धाच झाला होता आणि दाराची कडी वाजली. दारात कोण? तर खालच्या मजल्यावरचा आपला नववीतला मित्र. एरवी हा पठ्ठ्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर येतो आणि जिन्यातूनच हाका मारतो. त्या दिवशी मात्र मांजराचं पिल्लू धरावं तसा लॅपटॉप छातीशी धरून गप्प उभा.

"काका, आईला सांगू नका हं. लॅपटॉप गेला."

"गेला म्हणजे? तुझ्याच तर हातात आहे!"

त्याला हसू आलं नाही. त्याने लॅपटॉप उघडून बटण दाबलं. समोर निळाशार पडदा, वर इंग्रजीत 'बिटलॉकर रिकव्हरी', आणि खाली आकडे भरायची जागा. एक-दोन नाही, चांगले ४८ आकडे! कुणाला माहीत असणार ते?

"तुझा शाळेचा प्रोजेक्ट आहे का आत?"

"प्रोजेक्टचं काही नाही हो. आजीच्या ओव्या आहेत."

आता मलाही चहा गोड लागेना. त्याच्या आजींना जात्यावरच्या कितीतरी ओव्या पाठ होत्या. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत यानेच त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ठेवल्या होत्या. मोबाइल पुढे जुन्याच्या बदल्यात नवा घेताना दुकानात गेला. आजी गेल्या दिवाळीच्या आधी गेल्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"बरं, शेवटचं काय केलं होतंस?"

"काही नाही."

बिघडलेल्या यंत्राची चौकशी नेहमी याच उत्तरापासून सुरू होते. इस्त्री असो, मिक्सर असो, नाहीतर कॉम्प्युटर. कुणीच काही केलेलं नसतं! मी काही बोललो नाही, चहा संपवला. तेवढ्यात गडी कबूल झाला. त्याला पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघायचं होतं. ते सुरू होईना. मग एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे त्याने लॅपटॉपच्या सेटअपमध्ये शिरून 'सिक्युअर बूट' नावाची गोष्ट बंद केली. लिनक्स चाललं, मजा आली. पण पेनड्राइव्ह काढून पुन्हा विंडोज सुरू करायला गेला, तर हा निळा पडदा.

घाबरून त्याने एका दुकानात फोन केला. तिथल्या माणसाने लॅपटॉप न बघताच सांगितलं, "सेटअपमध्ये जाऊन टीपीएम क्लिअर कर. नाही जमलं तर घेऊन ये, फॉरमॅट मारू." आपला मित्र त्या 'क्लिअर टीपीएम' पर्यंत पोचलाही होता! यंत्राने विचारलं, खरंच पुसायचं का? तेव्हा त्याचा हात थरथरला आणि तो जिना चढून माझ्याकडे आला.

दोस्तांनो, थरथरला ते फार बरं झालं. का ते सांगतो.

टीपीएम म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर बसवलेली नखाएवढी चिप. काही लॅपटॉपमध्ये ती वेगळी नसते, प्रोसेसरच्याच पोटात असते. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ बाजारात आलं, तेव्हा त्यासाठी टीपीएम २.० असलाच पाहिजे अशी अट घातली गेली. त्यामुळे आज नव्या लॅपटॉपमध्ये ही चिप बहुधा असतेच, तुम्हाला माहीत असो वा नसो.

तिचं काम काय? तर किल्ली सांभाळणं. बिटलॉकर डिस्कवरचा सगळा मजकूर गुप्त लिपीत लिहून ठेवतो. फोटो, वह्या, ओव्या, सगळं. ते वाचायला एक किल्ली लागते. ही किल्ली उघडी ठेवली तर चोराला आयतंच फावेल. म्हणून ती डबीत घालून डबीला सील करतात, पूर्वी पोस्टाच्या पार्सलांना लाख लावून मोहोर करत असत ना, तसं. ही डबी असते डिस्कवरच, पण तिचं सील उघडायची ताकद फक्त त्या एका चिपमध्ये असते. आणि चिप ते उघडणार एकाच अटीवर: आज कॉम्प्युटर जसा सुरू झाला, अगदी तसाच तो सील करण्याच्या दिवशीही सुरू झाला असला पाहिजे.

पण तसाच सुरू झाला हे त्या चिपला कळतं कसं? खरी गंमत इथेच आहे.

आजी आमटीला फोडणी करतात ती आठवा. आधी तेल, मग मोहरी, मग हिंग, मग हळद. एकदा घातलेली हळद परत काढून घेता येत नाही. आणि हळद आधी टाकून मोहरी नंतर टाकली तर चव निराळी. चिपचंही तसंच आहे. कॉम्प्युटर सुरू होताना एकेक प्रोग्रॅम जागा होतो. सगळ्यात आधी फर्मवेअर, म्हणजे ज्याला आम्ही जुनी माणसं अजून बायोस म्हणतो ते. मग विंडोज सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, मग खुद्द विंडोज. प्रत्येक जण पुढच्याला उठवण्याआधी त्याचं माप घेतो आणि चिपला कळवतो. चिप ते माप आधीच्या मापात मिसळते. ज्या जागेत ती हे मिसळते तिला पीसीआर म्हणतात. (करोनाच्या दिवसांतली नाकातली पीसीआर नव्हे हं! ही प्लॅटफॉर्म कॉन्फिगरेशन रजिस्टर.)

कागद-पेन्सिल घ्या, आपण एक खोटी चिप बनवू. नियम असा: वहीतला जुना आकडा गुणिले ७, त्यात नवीन माप मिळवायचं, आणि उत्तराचे शेवटचे दोनच अंक ठेवायचे. सुरुवातीला वहीत शून्य. समजा फर्मवेअरचं माप २३, 'सिक्युअर बूट चालू' याचं ४१ आणि विंडोजच्या छोट्या प्रोग्रॅमचं ५८.

शून्य गुणिले ७ अधिक २३, झाले २३. मग २३ सत्ते १६१, त्यात ४१, झाले २०२. शेवटचे दोन अंक ठेवले, म्हणजे ०२. मग २ सत्ते १४ आणि ५८, झाले ७२. तर डबीवर मोहोर लागली ७२ ची.

आता आपल्या मित्राने सिक्युअर बूट बंद केलं. समजा त्याचं माप ४१ चं ४० झालं. एकचाच फरक! पण करून बघा: २३, मग १६१ अधिक ४० म्हणजे २०१, ठेवले ०१, मग ७ अधिक ५८ म्हणजे ६५. मोहोर ७२ ची आणि वहीत ६५. चिप म्हणाली, नाही उघडत. मापं तीच ठेवून नुसता क्रम बदला, आधी ४१ आणि मग २३ घ्या, तर शेवटी २८ येतील. तेही चालणार नाही.

आता तुमच्यातली काही हुशार मंडळी म्हणतील, "काका, मी उलटं गणित करून शेवटी बरोबर ७२ आणीन!" खरं आहे, माझी चिप कच्ची आहे. खरी चिप सातने गुणत नाही. ती हॅश नावाची एक रीत वापरते. त्यात येणारा आकडा ७८ अंकांपर्यंत मोठा असू शकतो, आणि उत्तरावरून मागे जाण्याची वाट अजून कुणाला सापडलेली नाही. शिवाय खऱ्या चिपमध्ये अशी एकच वही नसते, निदान २४ असतात, शून्यापासून २३ पर्यंत नंबर दिलेल्या. सिक्युअर बूटची नोंद होते ७ नंबरच्या वहीत. वहीत वाटेल तो आकडा लिहिण्याची सोय कुणालाच नाही, फक्त मिसळता येतं. वही कोरी होते ती कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच.

हे सगळं ऐकून आपला मित्र वैतागला. "म्हणजे मी चोर आहे असं वाटलं तिला?"

"तिला काहीच वाटत नाही रे. मला सांग, लिनक्समधून तू सी ड्राइव्ह उघडायला गेला होतास का?"

"हो. नाही उघडला."

"मग झालं तर! चोरानेही लॅपटॉप पळवून हेच केलं असतं. पेनड्राइव्ह लावून आतलं वाचायला बघितलं असतं. तू कोण आणि चोर कोण हे चिपला दिसत नाही. तिला दिसतात दोन आकडे. जुळले तर उघडायचं, नाही जुळले तर नाही."

म्हणूनच हा निळा पडदा दिसला की पहिली गोष्ट लक्षात घ्यायची: आतलं काहीही मोडलेलं नाही. ओव्या जागच्या जागी आहेत, फक्त डबीचं सील उघडलेलं नाही. पण त्या दुकानदाराचं ऐकून चिप 'क्लिअर' केली असती, तर सील उघडणारा चिपमधला मूळ गुपित आकडाच पुसला गेला असता. मग शेवटी ७२ आणून काय उपयोग! फॉरमॅटचं तर नावच नको. मला त्या माणसाचा खरंच राग आला. समोर आलेला लॅपटॉप पुसून द्यायला अर्धा तास लागतो आणि गिऱ्हाइकाला दुरुस्ती झाल्यासारखी वाटते!

उपाय काय केला? अगदी साधा. पेनड्राइव्ह लावलेला नाही याची खात्री केली. लॅपटॉप बंद केला, पुन्हा सुरू करताना सेटअपमध्ये शिरलो, 'सिक्युअर बूट' पुन्हा 'एनेबल्ड' केलं, सेव्ह करून बाहेर पडलो. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. अशा वेळी चार-पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कुठली मूळची आणि कुठली आपली हेच कळेनासं होतं. पडदा काळा झाला. मित्राने डोळे मिटून घेतले. मग विंडोजचं नेहमीचं चित्र आलं. ना आकडे मागितले, ना प्रश्न विचारला. मापं जुळली, सील उघडलं.

ओव्या लावून पाहिल्या. मधे कुठेतरी कुकरची शिट्टीही रेकॉर्ड झाली आहे. मग आईलाही वर बोलावलं आणि याने सगळं स्वतःच सांगितलं. वहिनी त्याला रागावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "भावोजी, आधी ते सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर घाला, मग बघते याच्याकडे."

एवढ्यावर संपलं असतं, पण मला एक शंका आली. ते ४८ आकडे नेमके आहेत कुठे? घरात कुणी कधी पाहिलेच नव्हते. कुणी बिटलॉकर मुद्दाम चालू केल्याचंही आठवेना. तसं होतं खरं. पुष्कळ लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने हे आपोआप सुरू होतं, पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की. आणि ४८ आकड्यांची प्रत जाते त्याच खात्यात. आता हा लॅपटॉप सुरू करून दिला होता नाशिकच्या मामाने, त्याच्या स्वतःच्या ईमेलने! मामाला फोन केला. त्याने खातं उघडलं, 'डिव्हाइसेस' मध्ये शोधलं, आणि निघाले की आकडे तिथे. मामाला पत्ताही नव्हता की भाच्याच्या घराची किल्ली आपल्या खिशात आहे म्हणून.

हे ४८ आकडे म्हणजे काय, तर दुसरी डबी. आत किल्ली तीच, पण या डबीला चिपची गरज नाही. म्हणून चिपने नाही म्हटलं तरी हे आकडे चालतात. मित्राचं काम सेटिंग पूर्ववत करून भागलं, पण नेहमी भागत नाही. फर्मवेअर नवीन टाकलं तर पुष्कळदा जुनं माप परत येत नाही. मदरबोर्ड बदलला तर चिपच बदलली, मग आकड्यांशिवाय गत्यंतर नाही. आकडे घालून विंडोज सुरू झालं, पण प्रत्येक वेळी पुन्हा विचारतंय, असंही होतं. तेव्हा बिटलॉकर 'सस्पेंड' करून परत 'रिझ्यूम' करायचं, म्हणजे चिप नव्या मापांवर नवं सील करते. फर्मवेअर बदलण्याआधीच 'सस्पेंड' केलं तर निळा पडदा दिसतच नाही. ज्या लॅपटॉपवर हे बटण सापडत नाही, तिथे घरातल्या जाणत्या माणसाला 'मॅनेज-बीडीई' नावाची आज्ञा वापरून ते करता येतं. आणि लिनक्सची हौस असणाऱ्यांनो, उबुंटू किंवा फेडोरा घ्या. त्यांच्यासाठी सिक्युअर बूट बंद करावं लागत नाही.

आईबाबांनो, तुम्ही वाचताय ना? १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, असा अंदाज मायक्रोसॉफ्टने दिला होता. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. त्या दिवशी चिपने काही बिघडवलं नव्हतं. दुरुस्तीला एक फाइल काढून टाकायची होती, पण बिटलॉकर असलेल्या कॉम्प्युटरवर तिथवर पोचायला हेच ४८ आकडे लागत होते, आणि ते शोधण्यात मोठमोठ्या ऑफिसांची दमछाक झाली. तुमच्या लॅपटॉपचे आकडे आज चालू स्थितीत असतानाच काढा, कागदावर घ्या आणि रेशनकार्ड ठेवता त्या फाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको! कागदावर 'की आयडी' ची पहिली आठ अक्षरंही लिहा. निळ्या पडद्यावर तीच दिसतात, म्हणजे हे आकडे याच लॅपटॉपचे की दुसऱ्या, ते कळतं.

आकडे उतरवण्याचं काम मात्र मुलांनी करायचं, कारण त्यात एक गणित लपलं आहे. ४८ आकड्यांचे सहा-सहाचे आठ गट असतात, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो! ११ ची कसोटी शाळेत झाली असेल: एक आड एक अंकांची वजाबाकी-बेरीज करायची, उत्तर शून्य किंवा ११ च्या पटीत आलं पाहिजे. उदाहरणार्थ ४४२३४३. चार वजा चार, अधिक दोन, वजा तीन, अधिक चार, वजा तीन. शून्य! शेवटचा ३ घाईत ८ वाचलात तर येतात उणे ५. मधले ३ आणि ४ उलटे लिहिलेत तर उणे २. कुठलाही एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले, तर ११ ची कसोटी तो गट पकडून देते. अख्खे गटच मागेपुढे झाले तर मात्र तिला कळणार नाही, तेव्हा गटांना नंबर घाला.

यातला कुठलाही गट ७,२०,८८५ पेक्षा मोठा नसतो. कारण ११ ने भागल्यावर ६५,५३५ पर्यंतच उत्तर यावं अशी योजना आहे. आठ गट मिळून किती वेगवेगळे संच होतात, ठाऊक आहे? ३९ अंकी संख्या, ३४ वर ३७ शून्यं दिली की जवळपास येते तेवढी. त्यामुळे अंदाजाने आकडे भरत बसण्यात दुपार घालवू नका. माझ्या ओळखीच्या एकाने घालवली आहे. (निळ्या पडद्यावर आकड्यांच्या कळा चालल्या नाहीत तर एफ१ ते एफ९ दाबा, शून्यासाठी एफ१०.)

मामाने फोनवर आकडे सांगितले, मित्राने लिहिले, वहिनींनी गटागटाने ११ ची कसोटी लावली. सातवा गट चुकला होता. मामा पाच म्हणाला होता, याने नऊ ऐकलं होतं.

आता तुमची पाळी. कपाटातल्या एका कागदाला ओल लागली आणि एका गटातला अंक पुसला गेला. गट असा दिसतो: ४ ५ ३ ९, मग डाग, मग २. डागाखाली कोणता अंक होता? पोस्टकार्डावर उत्तर पाठवा, आणि कसं काढलंत तेही लिहा.